टप बंद होईना

पैज लागली ती गल्लीच्या तोंडाशी, न्हाव्याच्या दुकानाबाहेरच्या बाकावर. लावणारे दोघंही पन्नाशी ओलांडलेले होते हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर वाटायचं पोरंटोरं असतील.

एका बाजूला समोरच्या घरातले दातांचे डॉक्टर. दुसऱ्या बाजूला अण्णांचं शेंडेफळ, रंग्या. रंग्या पाट्या रंगवतो. बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या कपाळावर त्याचंच अक्षर आहे. डॉक्टरांच्या दवाखान्याची पाटीही त्याचीच. तिच्यावरच्या हसऱ्या दाढेला त्याने हुबेहूब डॉक्टरांसारखा चष्मा काढून ठेवलाय. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही तो पहिल्या दिवशी दिसला, डॉक्टरांना मात्र कैक वर्षांनी.

विषय होता रंग्याच्या मोठ्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या सायकलीचा. रविवारी तळ्याभोवती सायकलींची मोठी फेरी होती आणि बावन्नाव्या वर्षी ताईने त्यात नाव घातलं होतं. तळं शहराबाहेर, चांगलंच लांब. सायकल तिथवर न्यायची कशी, असं घरात कुणीतरी विचारलं आणि ताई म्हणाली, अण्णांच्या गाडीतून. बस, एवढंच. पण अण्णा गेल्यापासून ती गाडी गल्लीबाहेर गेलीच नव्हती. घराच्या वाटण्या झाल्या, भांड्यांच्या झाल्या, कपाटाच्या तर भांडून झाल्या. गाडी तेवढी तिघांची राहिली आणि किल्ली थोरल्याच्या, म्हणजे दादाच्या खिशात.

गाडी उघडी. कापडी टप, मागे दुमडून ठेवायचा. दोन दारं, मागची सीट नावापुरती.

"त्या गाडीला सायकलीचा रॅक बसणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि बसला तरी तुझा दादा बसू देणार नाही."

रंग्याला खरं तर नुसतं मान हलवून घरी जाता आलं असतं. पण गप्प बसला तर तो रंग्या कसला. तो म्हणाला, रविवारी सकाळी सायकल रॅकवर आणि गाडी गल्लीबाहेर.

"नाही झालं तर?"

"तर मीच रॅक. मागच्या सीटवर बसतो, सायकल दोन्ही हातांनी धरतो, भर बाजारातून तळ्यापर्यंत. गळ्यात पाटीसुद्धा अडकवतो."

"पाटीवरचा मजकूर मी देणार."

"द्या. अक्षर माझं."

डॉक्टर हरले तर काय, तेही ठरलं. पांढरा कोट घालून दवाखान्याच्या दारात उभं राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पोराला साखरेच्या गोळ्या वाटायच्या, दिवसभर. न्हावी साक्षीदार. त्याच्या हातात वस्तरा आणि वस्तऱ्याखाली डॉक्टरांचा गळा होता, त्यामुळे दोन्ही पक्षांनी साक्षीदार मान्य केला.

*

दादाची नोकरी विमा कंपनीत. गाडी ठोकली गेली की जाऊन बघायचं, कुठे किती मोडलंय ते. तीस वर्षं हेच केल्यावर माणसाचे डोळे बिघडतात. धडधाकट गाडी दिसली तरी दादाला ती पुढे कुठून चेपणार आहे तेच आधी दिसायचं. शनिवारी सकाळी भावंडं तिघं रॅकच्या दुकानात शिरली, तेव्हा भिंतीवर टांगलेले रॅक बघून त्याच्या डोळ्यांसमोर रॅक नव्हतेच. हमरस्त्यावर पडलेली सायकल होती आणि मागून येणारा ट्रक.

दुकानदार उत्साही होता. त्याने आधी छतावरचा रॅक दाखवला. दादाने शांतपणे सांगितलं की छत कापडाचं आहे. मग त्याने गाडीच्या बुडाला हूक जोडून त्यावर बसवायचा रॅक दाखवला. एकदम दणकट, म्हणाला, आयुष्यभर बघायला नको. फक्त त्यासाठी मागचा बंपर उतरवायचा, खाली लोखंड जोडून घ्यायचं, वायरी ओढायच्या, आणि गॅरेजवाला पुढच्या आठवड्याशिवाय हात लावणार नाही. किंमत ऐकून दादाने चष्मा काढून पुसला, जशी काही ती काचेवरच पडली होती.

"माझ्या सायकलीच्या दुप्पट होते ही," ताई म्हणाली.

"मग सोपं आहे," रंग्या म्हणाला. "सायकल विक, त्यात थोडे घाल आणि रॅक घे."

राहिला तिसरा प्रकार, पट्ट्यांचा. डिकीच्या पाठीवर ठेवायचा, वरखाली हूक अडकवायचे, पट्टे आवळायचे, झालं. पण तो कुठल्या गाडीला बसतो हे बघायला दुकानदाराने संगणक उघडला तर अण्णांच्या गाडीचं त्यात नावच नव्हतं. त्याने कुणालातरी फोन केला. त्या कुणीतरी आणखी कुणाला विचारलं. शेवटी दुकानदार हळूच म्हणाला, "बसेल. पण मी सांगितलं असं कुठे सांगू नका."

मग एकेक शेपूट निघायला लागलं. सायकलीमागे गाडीचा नंबर झाकला जाणार, म्हणून नंबराची वेगळी पाटी. मागचे दिवे झाकले जाणार, म्हणून वेगळा दिवा. चोरी नको, म्हणून कुलूप. रंग खराब नको, म्हणून जादा रबरं. आणि एकदा खोका फोडला की माल परत घेणार नाही, हे दुकानदाराने पावती दिल्यावर सांगितलं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

एरवी अशा वेळी दादा आणि ताई एक होऊन रंग्याला हाणायचे, किंवा ताई आणि रंग्या एक होऊन दादाला. आज गंमत अशी की तिघांनीही आपापल्या पाकिटातून निमूट पैसे काढून दिले. दादाने तर सर्वांत आधी. ताईला हे जरा खटकलंच. दादा भांडत नाही म्हणजे त्याच्या मनात काहीतरी दुसरं चाललंय.

*

दुमडलेला होता तोवर रॅक छत्रीएवढा दिसत होता. अंगणात उघडला आणि त्याचा खेकडा झाला. सोबतच्या कागदावरच्या चित्रात एक हसरा माणूस एका हाताने तो बसवत होता. इथे तीन माणसं, सहा हात, आणि खिडकीतून आईचं तोंड, असं सगळं मिळूनही दुपार त्यातच गेली.

"त्या पट्ट्याला पीळ पडलाय," आई खिडकीतून म्हणाली.

"नाही पडला, आई."

"पडलाय."

पडला होता.

टप रंग्याने सकाळीच मागे दुमडून ठेवला होता. एक तर त्यामुळे डिकीवर वाकायला बरं पडत होतं. दुसरं म्हणजे उघडी गाडी उघडीच शोभते, असं त्याचं म्हणणं. दादाने रॅकच्या प्रत्येक रबराखाली फडकी घातली, फडक्यांखाली जुने मोजे घातले आणि मोज्यांखाली काय घालता येईल याचा विचार करत उभा राहिला. ताईने सायकल उचलून रॅकवर ठेवली, पट्टे आवळले, हलवून बघितली. सायकल हलली नाही. गाडी हलली. म्हणजे काम पक्कं.

मग ताई गाडीत बसली. चालकाच्या जागी.

आता हे लक्षात घ्या, ताई मोटार शिकवते. तो तिचा धंदाच आहे. शेजारच्या सीटवर बसून, पायाखाली जादा ब्रेक घेऊन, तिने या शहरातली अर्धी माणसं रस्त्यावर आणली आहेत. दादालाही तिनेच शिकवलं. ती स्वतः शिकली ती याच गाडीवर, अण्णा शेजारी बसलेले असताना. आणि त्याच गाडीची किल्ली दादाने तिच्या हातात ठेवली ती आज, तीही अशी की देताना एक टोक अजून त्याच्याच चिमटीत होतं.

गल्लीतल्या गल्लीत तिने एक चक्कर मारली. दादा गाडीमागून चालत गेला, मान खाली, नजर डिकीवर. खिडक्याखिडक्यांतून डोकी निघाली. डॉक्टर गॅलरीत आले आणि गोळ्यांचा भाव काय चाललाय याचा विचार करू लागले. रंग्याने त्यांना खालूनच विचारलं, कोट धुतलेला आहे ना.

गाडी अंगणात परत आली. ताई हसतच खाली उतरली. आणि दादा म्हणाला, "रॅक काढ."

"काय?"

"रॅक काढ, चिमे. हा नको."

बावन्न वर्षांच्या बाईला जगात एकच माणूस चिमे म्हणतो आणि तो असं काहीतरी बोलायच्या वेळीच म्हणतो. ताईने किल्ली मुठीत धरली. खिडकीतून आईचा आवाज आला.

"गाडीत जा."

हा अण्णांचा नियम. या घरात भांडायचं असेल तर घरात नाही भांडायचं आणि अंगणात तर नाहीच नाही. गाडीत बसायचं, काचा वर, टप बंद. काय तो धुरळा आत. कपाटाचं भांडण तिथेच झालं, ताईने लग्न करणार नाही म्हणून सांगितलं तेही तिथेच, रंग्याने शाळा सोडली तेव्हा तर अण्णा आणि तो अख्खी दुपार आत होते. गल्लीला बाहेरून फक्त डुगडुगणारी गाडी दिसायची. वर्षानुवर्षं या घराची भांडणं शेजाऱ्यांनी मूकपटासारखी बघितली होती आणि संवाद मनाने भरले होते.

तिघं आत बसले. दादा आणि ताई पुढे, रंग्या मागे गुडघे छातीशी घेऊन. दादाने हात मागे नेऊन टप ओढला. येईना. रंग्याने खालून रेटला. येईना.

टप दुमडला की मागच्या सीटमागे एका पत्र्याच्या झाकणाखाली जायचा. ते झाकण उघडल्याशिवाय टप बाहेर येत नाही, आणि उघडताना ते मागे, डिकीवर कलतं. तिथे आता रॅकचा खेकडा बसला होता. वर सायकल.

"रॅक काढला की टप निघेल," ताई म्हणाली.

"मग काढू," दादा म्हणाला.

"काढायचा की नाही, याचंच तर भांडण आहे."

रॅक निघाल्याशिवाय भांडता येईना आणि भांडल्याशिवाय रॅक निघेना. अण्णांच्या नियमात याची सोय नव्हती.

"उघड्यावर भांडा मग," आई म्हणाली. "मला काचेशी येऊन कान लावायला होत नाही आता. एकदा मलाही नीट ऐकू दे."

*

सुरुवात कुजबुजत झाली. डॉक्टरांनी गॅलरीतून सांगितलं की ऐकू येत नाहीये.

मग ताईचा आवाज चढला. ती म्हणाली, "ही फेरी मी दरवर्षी ठरवते, दादा. आणि दरवर्षी कुणाचं तरी काहीतरी निघतं. आईचा डोळा, तुझा गुडघा, ह्याचं घर बदलणं. मी कधी तोंडातून शब्द काढला नाही. यंदा कुणाला काही झालं नाही, तर गाडीचं निघालं."

ते अक्षरन् अक्षर खरं होतं, हे दादालाही ठाऊक होतं. तो एवढंच पुटपुटला की गाडी ने, मी कुठे नाही म्हणतोय, फक्त रॅक नको. ताईने विचारलं, मग सायकल काय पिशवीत घालून नेऊ?

रंग्याने इथे तेल ओतलं. स्वभावच तो. म्हणाला, दादाला गाडीला कुणी हात लावलेला चालत नाही, गाडी म्हणजे त्याचं देवघर झालंय, फक्त कबूल करत नाही.

"ते खरंय," वरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थोरले भाऊ रोज संध्याकाळी कामावरून येऊन आधी गाडीत बसतात. हॉर्नवर हात ठेवतात. वाजवत मात्र नाहीत."

दादाचे कान लाल झाले. झाकली मूठ म्हणून इतके दिवस जी सांभाळली, ती अख्ख्या गल्लीने केव्हाच उघडून बघितली होती. ताईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तिचा आवाज खाली आला.

"मला का नाही सांगितलंस? मीही आले असते बसायला."

"शेजारची सीट रिकामीच असते," दादा म्हणाला. "गाडीला ओरखडा पडला तर पडू दे, चिमे. मी रोज बघतो, गाड्यांना पडतात ओरखडे. रेघेला नको पडायला."

"कुठल्या रेघेला?"

दादाने अंगठा मागे केला. डिकीच्या कडेने एक सोनेरी रेघ गेली होती. रंग्या चौदा वर्षांचा असताना अण्णांनी त्याच्या हातात ब्रश देऊन सांगितलं होतं, काढ. त्याने जन्मात काढलेली पहिली रेघ. निघते सरळ, मध्येच पायरी चुकल्यासारखी घसरते, मग स्वतःला सावरून पुढे जाते. रंग्याला ती रेघ म्हणजे उघडं गळू. पाट्या रंगवणाऱ्याच्या घरच्या गाडीवर असली रेघ. किती वेळा त्याने ती पुसून नवी काढायची परवानगी मागितली होती. अण्णा नाही म्हणाले. अण्णांनंतर दादा नाही म्हणाला, कारण काय तर गाडी मूळची आहे तशी ठेवायची, किंमत उतरते. रंग्याला वाटायचं, विमावाला बोलतोय.

"मघाशी मागून चालत होतो," दादा सांगत होता. "उजवीकडचं रबर सरकतंय. रेघ घसरलीय ना, बरोबर तिथे. मोजे घातले तरी सरकतंय. तळ्यापर्यंत रेघ राहणार नाही."

"जाऊ दे गेली तर," रंग्या म्हणाला. "नवी काढून देतो. डोळे मिटून सरळ काढीन."

"सरळ गावभर आहेत," दादा म्हणाला. "तू काढलेली वाकडी ही एकच आहे."

रंग्या मागच्या सीटवरून धडपडत बाहेर आला, डिकीशी गेला आणि उजवीकडचा पट्टा सैल करायला लागला.

"रंग्या," डॉक्टर वरून म्हणाले, "पैज आहे हं. विचार कर."

"मजकूर लिहून ठेवा, डॉक्टर," रंग्या मान वर न करता म्हणाला.

ताईला एवढंच दिसत होतं की सायकल खाली उतरतेय. दरवर्षीसारखीच. तिने किल्ली पुढे केली, दादाला द्यायला. दादाने घेतली नाही.

"आणि उद्या?" तिने विचारलं.

"उद्या मी आहे की," रंग्या म्हणाला. "दोन हात, मऊ, रबर लावायची गरज नाही. सकाळी लवकर हाक मार. आणि सायकल धू, मांडीवर घ्यायचीय मला."

*

रविवारी सकाळी गल्ली आंघोळी टाकून बाहेर उभी होती. रॅक परत जाणार नव्हताच, तो आईने भिंतीला टेकवून त्यावर टॉवेल वाळत घातले होते आणि ती म्हणत होती, घेतल्यापासून पहिल्यांदा उपयोगाला आला.

गाडीचा टप आता बंद करता येत होता. कुणी बंद केला नाही.

रंग्या मागच्या सीटवर उलटा बसला होता, पाठ पुढच्यांकडे, पाय आखडून. सायकल पुढ्यात उभी, तिचं पुढचं चाक आकाशाकडे. गळ्यात पाटी. मजकूर डॉक्टरांचा: "हा रॅक पैजेत हरलेला आहे." अक्षर असं की वाचणाऱ्याला वाटावं, हरण्याचं दुकान निघालंय आणि माल चांगला आहे. डॉक्टर सगळ्यांना पाटी दाखवत फिरत होते. तिच्या कोपऱ्यातली चष्मेवाली दाढ त्यांना न्हाव्याने दाखवली तेव्हा गाडी सुरू झाली होती.

ताई चालवत होती. दादा शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत होता. बाजाराच्या चौकात सिग्नल लागला. बाजूला खच्चून भरलेली बस येऊन थांबली आणि एका बाजूच्या सगळ्या खिडक्यांनी मिळून पाटी वाचली. रंग्याने सायकलीची घंटी वाजवली. बसमधून कुणीतरी विचारलं, पैज कसली होती. तो म्हणाला, मोठी गोष्ट आहे, तुमचा स्टॉप निघून जाईल. त्याने स्वतः रंगवलेल्या दुकानांखालून त्याची वरात चालली होती आणि दुकानदार दारात येऊन त्याला हात करत होते. कापडवाल्याने ओरडून विचारलं की माझी पाटी कधी देतोस. ही वेळ आहे का, रंग्या म्हणाला.

ताईला आरशात रंग्याच्या डोक्याचा मागचा भाग दिसत होता, टक्कल पडायला लागलेला, अगदी अण्णांच्या जागी, आणि त्यापलीकडे चाकाचे आरे. ती हसत होती. सिग्नल सुटला. पुढचा रिक्षावाला ही वरात बघायला मागे वळला होता तो हलेना.

दादाने हात लांबवला आणि हॉर्न दाबला. चांगला लांबलचक. मग स्वतःच दचकला. मग पुन्हा दाबला, यावेळी समोर कुणीच नव्हतं तरी.

तळ्याकाठी सायकलवाल्यांची ही गर्दी. ताईने सायकल उतरवून घेतली, चाकं दाबून बघितली, हेल्मेट चढवलं आणि किल्ली दादाच्या हातात न देता आपल्याच खिशात घालून रांगेत जाऊन उभी राहिली. रंग्याला पटकन उठता येईना. हात धरलेल्या आकारातच आखडले होते. केसांत धूळ, वाऱ्याने पाटी पाठीवर गेलेली.

शेजारी एक तरुण आपली नवी कोरी उघडी गाडी लावत होता. मागे हुकाचा दणकट रॅक. तो रंग्याकडे बघत राहिला, मग दादाजवळ आला. मला तर बंपर उतरवावा लागला, म्हणाला, दोन ठिकाणी रंग गेला. तुमचा हा रॅक कुठून आणला?

दादाने आयुष्यात कधी कुणाची थट्टा केलेली नव्हती. त्याने डिकीकडे पाहिलं. सोनेरी रेघ जागच्या जागी घसरलेली होती.

"वडिलोपार्जित आहे," तो म्हणाला.

"महाग पडत असेल."

"फार," दादा म्हणाला. "पण ओरखडा काढत नाही."